जलवाही दांडा सामग्री, वाहनस्थ

इमारतींच्या खिडक्यांच्या काचा जमिनीवर उभे राहूनच धुता याव्यात, यासाठी वापरण्यात येणारी सामग्री. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा लांब दांडा, त्याच्या टोकाला ब्रश, ब्रशापर्यंत पाणी नेणारी बारीक नळी आणि खनिजे काढून टाकलेले पाणी हे तिचे मुख्य घटक होत. पाण्याची टाकी, पंप, विद्युत् घटमाला, नळी गुंडाळण्याचे चाक आणि पुष्कळदा पाणी शुद्ध करण्याची यंत्रणाही व्हॅनमध्ये कायमची बसविलेली असेल, तर तिला वाहनस्थ सामग्री म्हणतात. अशा सामग्रीचा सर्वांत जास्त प्रसार ब्रिटनमध्ये झालेला आहे. एकदोन माणसांनी चालविलेला खिडक्या धुण्याचा धंदा तेथे गावोगाव आढळतो आणि दर चारसहा आठवड्यांनी घराच्या खिडक्या बाहेरून धुवून घेण्याची पद्धत तेथील मध्यमवर्गात रूढ आहे. त्यामुळे सामग्रीच्या निवडीचे विवेचन येथे मुख्यत्वे ब्रिटनमधील परिस्थितीला धरून केले आहे.

पूर्वपीठिका : काच धुण्याची जुनी पद्धत म्हणजे बादली, फडके व शिडी. विसाव्या शतकात तिच्यात स्क्वीजी या साधनाची भर पडली. मुठीला आडवी बसविलेली रबराची पट्टी असे याचे स्वरूप असून तिने काचेवरील पाणी एका ओढीत निपटून काढता येते. याचा आजचा हलका पितळी प्रकार एत्तोरे स्तेकोने या इटालियन स्थलांतरिताने कॅलिफोर्नियात तयार केला व १९३६ मध्ये त्याचे एकस्व घेतले. जमिनीलगतच्या काचांसाठी व दुकानांच्या दर्शनी भागांसाठी स्क्वीजी आजही सर्वांत जलद साधन आहे. वरच्या मजल्यांसाठी मात्र शिडीवाचून गत्यंतर नव्हते. ओल्या, शेवाळलेल्या फरशीवर टेकलेली शिडी, एका हातात ओले साधन आणि दुसऱ्या हाताने धरलेली चौकट अशा स्थितीत दिवसाकाठी चाळीसपन्नास वेळा चढउतार करणाऱ्या माणसाला एक ना एक दिवस अपघात व्हावा, यात नवल नाही. कामाच्या जागी होणाऱ्या प्राणघातक अपघातांमध्ये उंचावरून पडणे हे ब्रिटनमध्ये दीर्घकाळ पहिल्या क्रमांकाचे कारण राहिले आहे.

यूरोपीय संघाच्या २००१ सालच्या निदेशाला अनुसरून ब्रिटनमध्ये उंचीवरील कामाचे विनियम ६ एप्रिल २००५ पासून अंमलात आले. त्यांत उपायांचा क्रम घालून दिलेला आहे. उंचावर जाणे टाळता येत असेल तर टाळावे. टाळता येत नसेल तर पडणे रोखावे. तेही जमत नसेल तर पडल्यावर होणारी इजा कमी राहील असे पहावे. या विनियमांनी शिडीवर बंदी घातली असा समज प्रचलित आहे, तो बरोबर नाही. थोड्या वेळाच्या व कमी धोक्याच्या कामासाठी शिडी वापरता येते. मात्र अधिक सुरक्षित पर्याय वाजवी रीत्या उपलब्ध नव्हता, हे दाखविता आले पाहिजे. असा पर्याय अगोदरच तयार होता. पाणी वाहून नेणारे दांडे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात होते. कार्बन तंतूंचे हलके दांडे आणि छोट्या आकारातील जलशुद्धी यंत्रणा उपलब्ध झाल्यावर ही पद्धत ब्रिटनमधील लहान धंदेवाइकालाही परवडू लागली.

कार्यतत्त्व : या पद्धतीत काच पुसली जात नाही. ब्रशाने घासून मळ सुटा करावयाचा, भरपूर पाण्याने तो खाली वाहवून द्यावयाचा आणि काच ओली ठेवून पुढे जावयाचे, एवढीच तिची कृती आहे. काच आपोआप वाळते. म्हणूनच पाण्यात काही विरघळलेले नसणे आवश्यक ठरते. नळाच्या एक लिटर पाण्यात ३०० मिग्रॅ. क्षार असले आणि मोठ्या काचेवर ५० मिलि. पाणी मागे राहिले, तर ते वाळल्यावर सु. १५ मिग्रॅ. पांढरा थर ठिपक्याठिपक्यांनी उरतो व उन्हात तो स्पष्ट दिसतो. हेच प्रमाण लिटरला ५ मिग्रॅ. वर आणले, तर उरणारा थर पाव मिग्रॅ. इतका म्हणजे डोळ्यांना न दिसण्याजोगा असतो. धंद्यात साधारणतः लिटरला १० मिग्रॅ. ही वरची मर्यादा मानतात आणि शून्याच्या शक्य तितके जवळ रहावे असा प्रयत्न असतो. घरगुती जलशुद्धी यंत्रांमुळे आपल्याकडेही परिचित झालेल्या, विद्युत् संवाहकतेवरून एकूण विद्राव्य घटक दाखविणाऱ्या छोट्या मापकाने ही तपासणी होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिग्रॅ. ही स्वीकार्य मर्यादा दिलेली आहे. म्हणजे पिण्यास उत्तम असलेले पाणी काचेला पूर्णपणे निकामी असू शकते.

शुद्ध पाणी ‘भुकेलेले’ असते आणि मळ शोषून घेते, असे विक्रेत्यांच्या पत्रकांत वाचावयास मिळते. यात तथ्य अल्प आहे. मळ काढण्याचे काम ब्रशाचे घर्षण आणि पाण्याचा प्रवाह हे करतात; शुद्धतेचा लाभ एवढाच की, मागे काही उरत नाही. प्रदीर्घ काळ न धुतलेल्या खिडकीच्या चौकटीतून व वरच्या झडपांतून पहिल्या दोनतीन खेपांना काळे ओघळ येतात, ते शुद्ध पाण्यामुळे थांबत नाहीत. अशा वेळी चौकट आधी धुवून घेणे हाच उपाय असतो. काचेच्या पृष्ठाचाही परिणाम होतो. काही काचांवर पाण्याचा सलग पापुद्रा पसरतो व ती लवकर निथळते. पिल्किंग्टन कंपनीने २००१ मध्ये बाजारात आणलेली स्वतः स्वच्छ होणारी काच मुद्दाम अशी बनविलेली आहे. उलट काही काचांवर पाणी थेंबाथेंबाने साचून रहाते आणि त्यांच्यावर अधिक पाणी सोडावे लागते.

पाण्याचा विचार प्रथम : नवा धंदेवाईक बहुधा दांड्याची लांबी, ब्रशाचा प्रकार, चाकाचा रंग यांपासून निवडीला आरंभ करतो व शुद्धीकरणाचा विचार शेवटी करतो. वास्तविक क्रम उलटा असावयास हवा. आपल्या नळाला कोणते पाणी येते आणि दिवसाला ते किती लागणार, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून टाकी, वाहन, शुद्धीकरणाची पद्धत व दैनंदिन खर्च हे सर्व ठरते.

ब्रिटन हा लहान देश असला, तरी तेथील पाण्यात मोठा फरक आढळतो. स्कॉटलंड, वेल्स व वायव्य इंग्लंड येथील कठीण खडकांवरून व पीट जमिनीवरून येणारे पाणी सुफेन असते. ग्लासगो शहराला १८५९ पासून कॅट्रिन सरोवराचे आणि मँचेस्टरला १८९४ पासून थर्लमिअर सरोवराचे पाणी मिळत आले आहे. दोन्हींत विरघळलेले क्षार अगदी थोडे आहेत. लंडन व आग्नेय इंग्लंड यांचा पाणीपुरवठा खडू व चुनखडक यांतून झिरपलेल्या पाण्यावर आणि असल्याच प्रदेशातून वाहणाऱ्या नद्यांवर अवलंबून असल्याने तेथील पाणी दुष्फेन आहे आणि त्यात लिटरला ३०० मिग्रॅ. किंवा त्याहून अधिक क्षार सापडणे नित्याचे आहे. त्यामुळे ग्लासगोच्या माणसाला जी सामग्री योग्य ती लंडनच्या माणसाला नुकसानीची ठरते. आपल्याकडेही मुंबईला सह्याद्रीतील तलावांचे मिळणारे पाणी आणि दख्खनच्या पठारावरील विंधन विहिरींचे पाणी यांत असाच फरक दिसतो.

क्षार काढण्याच्या दोन पद्धती वापरात आहेत. पहिली आयन-विनिमयाची [⟶ आयन-विनिमय]. हिच्यात धन व ऋण आयन धरून ठेवणाऱ्या दोन प्रकारच्या रेझिनांचे मिश्रण एका नळकांड्यात भरलेले असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम इ. आयनांच्या जागी हायड्रोजन आणि कार्बोनेट, सल्फेट, क्लोराइड इ. आयनांच्या जागी हायड्रॉक्सिल आयन येऊन दोहोंचे पाणी बनते. हे साधन स्वस्त व हलके असून त्याला वीज लागत नाही, वेळ लागत नाही आणि पाणी वाया जात नाही. मात्र रेझिनाची क्षमता मर्यादित असते. २५ लि. मिश्र रेझीन ढोबळ मानाने ६०० ग्रॅ. क्षार (कॅल्शियम कार्बोनेटाच्या हिशेबाने) धरू शकते असे मानले, तर लिटरला ३०० मिग्रॅ. क्षार असलेले सु. २,००० लि. पाणी त्यातून शुद्ध होईल, ३० मिग्रॅ. असलेले २०,००० लि. होईल. दिवसाला ५०० लि. पाणी वापरणाऱ्याला पहिल्या स्थितीत चार दिवसांनी, तर दुसऱ्या स्थितीत चाळीस दिवसांनी रेझीन बदलावे लागेल. प्रत्यक्षात हे आकडे याहून काहीसे कमी भरतात, पण त्यांचे गुणोत्तर कायम रहाते.

दुसरी पद्धत व्यस्त तर्षणाची. दाबाखाली पाणी एका अर्धपार्य पटलातून ढकलले असता बहुतेक क्षार अलीकडेच रहातात. व्यवहारात उपयोगी पडेल असे पटल सिडनी लोएब व भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ एस. सौरीराजन यांनी लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६० च्या सुमारास तयार केले. आजची पटले ९५ टक्के वा त्याहून अधिक क्षार अडवितात. ३०० मिग्रॅ. चे १५ मिग्रॅ. झाल्यावर उरलेले काम रेझिनाच्या लहान नळकांड्याकडे सोपविले, म्हणजे त्याचे आयुष्य कित्येक पटींनी वाढते. पटलाच्या अलीकडे गाळ अडविणारी व क्लोरीन काढून घेणारी कार्बनाची गाळणी असावी लागते, कारण क्लोरिनाने पॉलिअमाइडाची पटले खराब होतात. कार्बन गाळणी वेळेवर न बदलल्याने महागडे पटल निकामी होण्याचे प्रकार वारंवार घडतात.

व्यस्त तर्षणात पाणी वाया जाते, ही बाब हिशेबात धरली पाहिजे. निम्मे पाणी शुद्ध व निम्मे सांडपाणी असे प्रमाण चांगले समजतात, म्हणजे ५०० लि. शुद्ध पाण्यासाठी १,००० लि. घ्यावे लागते. विक्रेत्याने दिलेला दर तासाच्या उत्पादनाचा आकडा सामान्यतः २५° से. तापमानाचा व ठराविक दाबाचा असतो. तापमान १° से. ने उतरले की उत्पादन सु. ३ टक्क्यांनी घटते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात नळाचे पाणी ६°–७° से. पर्यंत थंड असते व त्या वेळी तेच यंत्र जेमतेम निम्मे पाणी देते. नळाचा दाब कमी असेल, तर घट आणखी होते आणि दाबवर्धक पंप जोडावा लागतो. रात्रीतून टाकी भरेल या भरवशावर घेतलेली यंत्रणा जानेवारीत सकाळी अर्धी टाकी दाखविते, ती यामुळेच.

सारांश, लिटरला पन्नाससाठ मिग्रॅ. च्या आत क्षार असतील तर नुसते रेझीन पुरे. दीडदोनशेच्या वर असतील तर व्यस्त तर्षणाला पर्याय नाही. मधल्या पट्ट्यात रेझिनाची किंमत, पाण्याचा दर आणि रोजचा वापर यांचा हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा.

शुद्धीकरण घरी की वाहनात : घराच्या आवारात जागा असल्यास यंत्रणा व साठ्याची टाकी तेथे बसवून व्हॅनमध्ये फक्त भरलेली टाकी व पंप नेणे सोयीचे पडते. यंत्रणेचे वजन वाहनावर पडत नाही, थंडीत ती गोठत नाही आणि साठ्यातून व्हॅनची टाकी वीसपंचवीस मिनिटांत भरता येते. सदनिकेत रहाणारा किंवा वाहन रस्त्यावर उभे करणारा माणूस मात्र यंत्रणा वाहनातच बसवून घेतो आणि जेथे नळ मिळेल तेथे टाकी भरतो. अशा जोडणीत टाकीतील पाणी सार्वजनिक नळात उलटे जाऊ नये म्हणून योग्य प्रतीची प्रतिप्रवाहरोधक व्यवस्था असणे ब्रिटनच्या १९९९ च्या जलजोडणी विनियमांनुसार बंधनकारक आहे. काम थोडे असेल तर वाहनात काहीच न बसविता २५ लि. चे डबे व हातगाडीवरील पंप यांवरही निभावते. आठवड्यातून दोन दिवस धंदा करणाऱ्याने मोठ्या सामग्रीच्या मागे लागू नये.

वजन : दोन लि. प्रतिमिनिट हा एका ब्रशाचा साधारण प्रवाह आहे. एका दुमजली घराला पंधरा मिनिटे पाणी वहाते असे धरल्यास ३० लि. आणि दिवसाला सोळा घरे केल्यास ४८० लि. पाणी लागते. दोन माणसे काम करणार असतील तर हा आकडा दुप्पट होतो. पाणी किती जड असते, हे सर्वांना माहीत असूनही खरेदीच्या वेळी विसरले जाते. ५०० लि. ची टाकी व्हॅनच्या प्रशस्त पोकळीत अगदी लहान दिसते. तिला अर्धा घनमीटर जागाच पुरते. डोळ्यांना रिकामी जागा दिसते व आणखी मोठी टाकी मावेल असे वाटते. पण वाहनाची क्षमता आकारमानावर नव्हे, भारावर ठरते.

लहान व्हॅनची भारवहनक्षमता बहुधा ६०० ते ८०० किग्रॅ. च्या आसपास व मध्यम व्हॅनची १,००० किग्रॅ. च्या आगेमागे असते. नेमका आकडा वाहनावरील पट्टिकेवरून व प्रत्यक्ष वजन करून काढावा लागतो. ६५० लि. ची भरलेली टाकी, तिची पोलादी चौकट, घटमाला, पंप, नळीसह चाक, शुद्धीकरण यंत्रणा, दांडे, एक लहान शिडी आणि दोन माणसे यांची बेरीज सहज ९५० किग्रॅ. च्या घरात जाते. हे सर्व लहान व्हॅनमध्ये मावते, परंतु ते वाहून नेण्यास ती समर्थ नसते. जादा भाराने गतिरोधकांना गाडी थांबविण्यास अधिक अंतर लागते, मागील टायर तापतात व पुढील चाकांवरचा भार हलका होऊन सुकाणूची पकड सैल होते. एकूण भार मर्यादेत असूनही मागील आसावरचा भार मर्यादेबाहेर जाऊ शकतो. म्हणून टाकी मागील दाराशी न ठेवता चालकामागील विभाजक भिंतीलगत, दोन आसांच्या मध्ये बसविणे योग्य. ब्रिटनमध्ये जादा भाराबद्दल दंड होतो, आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्नही उभा रहातो. सामग्री बसविल्यावर टाकी पूर्ण भरून गाडी वजनकाट्यावर एकदा नेणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

टाकीची बांधणी : या सामग्रीच्या निवडीतील सर्वांत गंभीर आणि सर्वांत दुर्लक्षित बाब ही आहे. ताशी ५० किमी. वेगाने जाणारे वाहन आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबले, तर त्याची सरासरी ऋण त्वरा गुरुत्व त्वरेच्या सु. वीसपट होते. त्या क्षणी ५०० किग्रॅ. पाणी १० टन वजनासारखे पुढे रेटते, आणि पुढे चालक बसलेला असतो. सामान बांधण्याचे पट्टे, प्लायवुडाच्या तळात पिळलेले स्क्रू किंवा पत्र्याची विभाजक भिंत यांपैकी कशाचाही या बलापुढे टिकाव लागत नाही. शिडीवरून पडण्याचा धोका टाळण्यासाठी घेतलेल्या सामग्रीने रस्त्यावर त्याहून मोठा धोका निर्माण व्हावा, असा हा प्रकार आहे.

यासाठी टाकी पोलादी चौकटीत पूर्णपणे वेढलेली असावी आणि चौकटीचे बोल्ट वाहनाच्या तळातून आरपार जाऊन खालच्या बाजूस रुंद पोलादी पट्ट्यांवर आवळलेले असावेत, म्हणजे बल पत्र्याच्या एका छिद्रावर न येता विस्तृत भागावर पसरते. काही उत्पादक आपल्या चौकटी आघात-चाचणीत उतरल्याचे सांगतात. त्यांना दोन गोष्टी विचाराव्यात : चाचणी भरलेल्या टाकीनिशी झाली काय आणि वाहनाच्या तळाशी केलेल्या जोडणीसह झाली काय. नुसत्या चौकटीच्या चाचणीला फारसा अर्थ नाही. साखळीची ताकद तिच्या कमजोर कडीइतकीच.

टाकीच्या आत आडव्या-उभ्या पडद्या असणेही महत्त्वाचे आहे. पूर्ण भरलेल्या टाकीतील पाणी फारसे हलत नाही. अर्धी रिकामी झाल्यावर ते वळणावर एका बाजूस धावते व गतिरोधक दाबताच पुढे उसळते. पडद्यांमुळे ही उसळी तुटते. मालवाहतुकीसाठी बनविलेली, जाळीच्या पिंजऱ्यातली १,००० लि. ची जुनी टाकी स्वस्त मिळते म्हणून व्हॅनमध्ये ठेवून देण्याची चाल आढळते. तिला आत पडदे नसतात, तिचा पिंजरा आघातासाठी नसतो आणि ती भरली की बहुतेक व्हॅनींचा भार मर्यादेपलीकडे जातो. घरच्या साठ्यासाठी ती उत्तम. वाहनासाठी ती निषिद्धच मानावी.

पंप, नळी व वीज : या बाबी तुलनेने सोप्या व नंतर बदलता येण्याजोग्या आहेत. मिनिटाला सु. ५ लि. पाणी आणि ७ बार दाब देऊ शकणारा १२ व्होल्टचा पडदा-पंप एका माणसाला भरपूर होतो. प्रवाह नियंत्रकाने तो पाहिजे तितका कमी करतात. नळीचा आतला व्यास मात्र विचारपूर्वक निवडावा. १०० मी. लांबीच्या ६ मिमी. नळीतून मिनिटाला २ लि. पाणी नेताना सु. ४ बार दाब घर्षणात जातो, ८ मिमी. नळीत तोच ऱ्हास १ बारच्या जवळपास असतो. दहा मीटर उंचीसाठी आणखी एक बार लागतो. बारीक नळी ओढण्यास हलकी असते व कुंपणाभोवती सहज वळते. थोडक्या प्रवाहात काम करणाऱ्याला ती पुरते, उंच इमारती करणाऱ्याला पुरत नाही.

पंप सतत चालून दिवसाला तीसचाळीस अँपिअर-तास वीज घेतो. वाहन सुरू करण्याच्या घटमालेवर हा बोजा न टाकता वेगळी घटमाला ठेवतात व ती गाडी चालताना भरून घेतात. अलीकडील वाहनांतील प्रत्यावर्तित्रे इंधन वाचविण्यासाठी विद्युत् दाब कमीजास्त करतात. त्यामुळे पूर्वीची साधी रिले-जोडणी त्यांच्यात नीट चालत नाही व घटमालेतून घटमाला भारित करणारे साधन लागते. पाणी तापविण्याची सोय ही बहुतांशी चैन आहे. पक्ष्यांची विष्ठा व स्निग्ध मळ ऊन पाण्याने लवकर सुटतो आणि हिवाळ्यात हात सुखावतात, पण वजन, इंधन व देखभाल वाढते. रात्री पंप व गाळण्या गोठू नयेत म्हणून वाहनात सौम्य उष्णता ठेवण्याची व्यवस्था मात्र थंड प्रदेशात आवश्यक ठरते.

दांडे : ॲल्युमिनियम, काच-तंतू आणि कार्बन तंतू हे दांड्यांचे तीन पदार्थ. पहिला वाकतो, दुसरा स्वस्त पण जड, तिसरा महाग पण ताठ व हलका. दुमजली घरांसाठी सातआठ मीटरचा दांडा पुरतो. वीस मीटर व त्याहून लांब दांडेही मिळतात. पण दहाबारा मीटरच्या पुढे ब्रशावर काचेला लागणारा दाब देणे कठीण होते, मान व खांदे दुखतात आणि खालून मळ नीट दिसतही नाही. कार्बन तंतू विद्युत् संवाहक आहे, ही गोष्ट खरेदीदाराला आवर्जून सांगितली पाहिजे. वरून गेलेल्या विजेच्या तारेला असा दांडा लागणे, किंवा उच्च दाबाच्या तारेच्या नुसते जवळ येणे, प्राणघातक ठरू शकते. काच-तंतूचा दांडा कोरडा असताना निरोधक असतो, परंतु या कामात तो नेहमी ओलाच असल्याने त्यावरही विसंबून चालत नाही. फुटपाथवर पसरलेल्या नळीत पाय अडकून वाटसरू पडणे हा या पद्धतीतील नेहमीचा, किरकोळ वाटणारा पण नुकसानभरपाईच्या दाव्यांना कारण होणारा अपघात आहे. भडक रंगाची नळी व सूचनाफलक यांचा उपयोग येथे होतो.

आरोग्य : कार्बन गाळणीने क्लोरीन निघून गेल्यामुळे टाकीतील पाण्याला जंतुनाशकाचे संरक्षण उरत नाही. २०° ते ४५° से. या तापमानात लीजिओनेला जंतूंची वाढ होऊ शकते व ब्रशातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर ते श्वासात जाण्याचा संभव असतो. पाणी थंड ठेवणे, टाकीवर ऊन पडू न देणे, सुटीवर जाण्यापूर्वी ती रिकामी करणे, ठराविक काळाने टाकी व नळ्या निर्जंतुक करणे एवढी दक्षता बहुधा पुरते. पाणी तापविणाऱ्याने अधिक सावध असावे, कारण कोमट राहिलेली टाकी हीच सर्वांत वाईट.

मर्यादा व इतर उपयोग : जलवाही दांडा सर्वसाधारणपणे चारपाच मजल्यांपर्यंत उपयोगी पडतो. त्यावरील काचांसाठी दोरावरून उतरणारे कामगार किंवा छतावरून टांगलेले पाळणे लागतात. मुंबईतील काचेच्या दर्शनी भागांची उंच कार्यालये याच मार्गाने धुतली जातात. खिडक्यांच्या आतल्या बाजूसाठी व जुन्या शिसेबंद तावदानांसाठी ही पद्धत वापरीत नाहीत, कारण तावदानांच्या सांध्यांतून पाणी आत शिरते. सौर विद्युत् पट्टांच्या धुलाईसाठी मात्र हीच सामग्री जशीच्या तशी चालते. त्यांच्यावर क्षारांचा थर राहिल्यास प्रकाश अडतो व वीज कमी मिळते, म्हणून तेथेही खनिजविरहित पाणीच इष्ट असते. धूळ पुष्कळ आणि भूजल दुष्फेन अशा भारतातील कोरड्या प्रदेशांत सौर पट्टांसाठी जलवाही दांडे व पाणी शुद्ध करणारी फिरती यंत्रणा वापरताना वर दिलेला सर्व हिशेब लागू पडतो. फक्त तेथे पाणी थंड नसून गरम असल्याने पटलातून उत्पादन अधिक मिळते आणि वाया जाणाऱ्या पाण्याची किंमत मात्र अनेकपटींनी मोजावी लागते.